पेंग्विनचा फोटो पोटावर झोपून काढण्याचे दिवस संपले

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबई-पुण्याहून अंटार्क्टिका आणि उत्तर ध्रुवाकडच्या नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांना जाणाऱ्यांची प्रवासवर्णने हल्ली रविवारच्या पुरवण्यांत आणि दिवाळी अंकांत नेमाने येतात. सोबत बहुधा एक चौकट असते: कॅमेरा कोणता न्यावा, कपड्यांचे किती थर घालावेत, आणि पेंग्विनचा फोटो चांगला हवा असेल तर बर्फावर पोटावर झोपून काढावा. यातला शेवटचा सल्ला जुना झाला आहे. तिथे तो पाळायला गेलात तर वाटाडे तुम्हाला उठवतीलच, शिवाय त्यात पक्ष्यांच्या जिवाला धोका आहे. येत्या हंगामात जाणाऱ्या वाचकांच्या हाती वेळेवर नेमकी माहिती पडावी, म्हणून हे सविस्तर पत्र.

बर्ड फ्लूचा एच५एन१ हा घातक प्रकार ऑक्टोबर २०२३मध्ये साउथ जॉर्जियाजवळच्या बर्ड आयलंडवर स्कुआ पक्ष्यांमध्ये सापडला. फेब्रुवारी २०२४मध्ये अंटार्क्टिकाच्या मुख्य भूमीवरही त्याची खात्री झाली. विष्ठा आणि चिखल यांतून तो एका वसाहतीतून दुसरीकडे जाऊ शकतो, आणि दिवसाला दोन बेटांवर उतरणारे प्रवासी हे त्याचे आयते वाहन ठरू शकतात. त्यामुळे सहल-जहाजांच्या आयाटो या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम असा आहे की पक्षी-प्राण्यांच्या वावराजवळ जमिनीवर बसायचे नाही, गुडघा टेकायचा नाही, झोपायचे नाही आणि कॅमेऱ्याची पिशवीही खाली ठेवायची नाही. जमिनीला फक्त बुटांचे तळवे लागले पाहिजेत. जहाजावर परत चढताना तेवढेच बूट घासून विषाणूनाशक द्रावणात बुडवता येतात. पँटचा गुडघा, जाकिटाचे कोपर आणि पिशवीचा तळ तसे बुडवता येत नाहीत.

मग पक्ष्याच्या डोळ्याच्या पातळीवरून फोटो कसा घ्यायचा? वाटते त्याहून हे सोपे आहे. कॅमेऱ्याचा मागचा पडदा वर वळणारा असेल तर पाय फाकवून कमरेत वाका, कॅमेरा दोन्ही हातांनी घोट्याच्या उंचीला धरा आणि वरून पडद्यात पाहा. पट्टा गळ्यात असू द्या, पण तो जमिनीवर लोळणार नाही इतका आखूड करा. उकिडवे बसायला बरेच वाटाडे हरकत घेत नाहीत, पण आधी विचारावे. जाड कपड्यांत आणि गमबुटांत तोल जाऊन हात टेकण्याची शक्यता मोठी असते. दुसरा उपाय मोनोपॉडचा, म्हणजे एका पायाच्या स्टँडचा. तो उलटा धरून कॅमेरा खालच्या टोकाला लटकवायचा आणि शटर रिमोटने किंवा फोनवरून दाबायचे. तिसरा उपाय आम्हाला सगळ्यांत आवडतो: उताराचा फायदा घ्या. पेंग्विनची वसाहत बहुधा खडकाळ चढावर असते, कारण तिथला बर्फ आधी वितळतो. चढाच्या पायथ्याशी उभे राहिले की वरचा पक्षी आपोआप नजरेच्या पातळीवर येतो आणि मागे चिखलाऐवजी आकाश किंवा हिमनदी मिळते. झोडियाक या रबरी होडीत बसलेल्या माणसाची नजर तर पाण्यापासून जेमतेम मीटरभर वर असते. हिमखंडावर पहुडलेली सील किंवा काठावर उडी मारायला टपलेले पेंग्विन यांच्यासाठी याहून चांगली जागा नाही.

आता अंतर. आयाटोच्या नियमानुसार पेंग्विनपासून किमान ५ मीटर आणि फर सीलपासून १५ मीटर लांब राहायचे असते. एका ठिकाणी एका वेळी जास्तीत जास्त १०० प्रवासी किनाऱ्यावर असतात, आणि ५००हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाला कोणालाच उतरवता येत नाही. पाच मीटर ऐकून अनेकजण ६०० मि.मी.ची तोफ घेऊन जातात. हिशेब करून पाहा. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर २०० मि.मी. लेन्सला ५ मीटरवर, कॅमेरा उभा धरला असता, साधारण ९० सेंटीमीटर उंचीचे दृश्य दिसते. जेंटू पेंग्विन पाऊण मीटरच्या आसपास उंच असतो, म्हणजे तो चौकटीत डोक्यापासून पायापर्यंत पुरेपूर बसतो. तिथे ७०-२०० किंवा १००-४०० हीच कामाची लेन्स. एफ २.८वर, म्हणजे लेन्सचे छिद्र मोठे उघडे असताना, त्या अंतराला फोकसमध्ये असलेल्या पट्ट्याची खोली जेमतेम १० सेंटीमीटर असते, त्यामुळे चोच स्पष्ट आणि मागचे पिल्लू पुसट असे होते. एफ ८ ठेवले तर ती ३० सेंटीमीटरपर्यंत जाते. दोन पक्षी एकमेकांना नमस्कार केल्यासारखे वाकतात तेव्हा ती हवीच.

पाच मीटर ही किमान मर्यादा आहे, हक्क नव्हे. अंड्यांवर बसलेला पक्षी डोके एका बाजूने दुसऱ्या बाजूला वळवून तुमच्याकडे पाहू लागला, पंख किंचित उचलले किंवा घरट्यात उठून उभा राहिला, तर तुम्ही सहा मीटरवर असूनही जास्त जवळ आहात. तो उठलेल्या दहा सेकंदांत तपकिरी स्कुआ अंडे उचलते. समुद्रातून वसाहतीकडे जाणारी पेंग्विनची ठरलेली वाट बर्फात खोल चरासारखी दिसते. तिच्यावर उभे राहू नये. तिच्यात पडलेला माणसाच्या बुटाचा खड्डा आखूड पायांच्या पक्ष्याला सापळा ठरतो, म्हणून असे खड्डे परतताना बुजवायचे असतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पिसे झडत असलेले पेंग्विन नुसतेच उभे दिसतात. नव्या पिसांचे आवरण पुरे होईपर्यंत त्यांना समुद्रात जाता येत नाही, त्या काळात ते उपाशी असतात, आणि दचकून चार पावले टाकणेही त्यांना साठवलेल्या चरबीतून परवडवावे लागते. १९९१च्या माद्रिद करारात पिसे झडणाऱ्या आणि विणीवरच्या पक्ष्यांना मुद्दाम त्रास देणे हा हानिकारक हस्तक्षेप म्हणून नोंदवलेला आहे. भारत १९८३पासून अंटार्क्टिक कराराचा सदस्य आहे आणि २०२२चा आपला स्वतःचा अंटार्क्टिक कायदाही आहे. पक्षी आपणहून जवळ आला तर मात्र पळायचे कारण नाही. जागच्या जागी स्थिर उभे राहा. कुतूहलाने येणाऱ्या पेंग्विनला कोणी मीटरपट्टी दाखवत नाही. फ्लॅश मात्र कधीच नको, आणि हौशी ड्रोनला किनाऱ्यावर बंदी आहे.

स्वालबार्डचे गणित वेगळे आहे. नॉर्वेने १ जानेवारी २०२५पासून ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर सक्तीचे केले आहे. त्याहून जवळ अस्वल दिसले तर जहाजाने किंवा होडीने मागे हटायचे असते. फुल-फ्रेमवर ६०० मि.मी. लेन्सला ३०० मीटरवर १८ मीटर रुंदीचे दृश्य दिसते. मोठा नर सव्वादोन-अडीच मीटर लांब धरला तर तो चौकटीचा आठवा भाग व्यापतो. ५०० मीटरवर तर बारावा. चौकट भरून अस्वलाचा चेहरा मिळवण्याची आशा जाणाऱ्याने विमानात बसण्यापूर्वीच सोडावी. पण यात नुकसान आहे असे आम्हाला वाटत नाही. तुटत चाललेल्या समुद्रबर्फाच्या तुकड्यांमधून चालणारा एक पिवळट ठिपका आणि मागे हिमनदीची निळी भिंत, हे चित्र त्या प्राण्याविषयी चेहऱ्याहून जास्त सांगते. एवढ्या अंतरावर मुख्य शत्रू लेन्सची लांबी नसून हवा असते, आणि त्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

जहाजातल्या खोलीत २२ अंश तापमान आणि बाहेर शून्य. अस्वल दिसल्याची घोषणा होते, माणूस धावत डेकवर येतो, पन्नास फोटो काढतो, आणि सगळे किंचित पुसट येतात. दोष लेन्सला दिला जातो. प्रत्यक्षात लेन्सच्या नळीतली आणि पुढच्या हुडमधली गरम हवा थंड हवेत मिसळत असते, आणि उन्हाळ्यात डांबरी रस्त्यावर हवा थरथरते तसे चित्र थरथरते. लेन्स वीस मिनिटे आधी बाहेर नेऊन थंड होऊ द्यावी. शक्य तर सहलीच्या दिवसांत कॅमेरा डेकलगतच्या थंड खोलीतच ठेवावा. हुड काढूनही फरक पडतो. उघड्या दारातून, खिडकीतून किंवा धुराड्याच्या वाऱ्याखालच्या बाजूने फोटो काढू नये, कारण तिथून गरम हवा सतत बाहेर वाहत असते. जहाजाच्या जाड दुहेरी काचेतून तर नकोच.

उलटा प्रवास, म्हणजे थंडीतून गरम खोलीत येणे, कॅमेऱ्याला जास्त धोक्याचा. खोलीतल्या हवेतली वाफ थंड काचेवर आणि आत सर्किटवर पाण्याच्या रूपात जमते. उपाय स्वस्त आहे: बाहेरच कॅमेरा मोठ्या झिप-लॉक पिशवीत घाला, हवा दाबून काढा, तोंड बंद करा, मग आत जा. दव पिशवीच्या बाहेरच्या बाजूला जमते. एक-दोन तासांनी, पिशवीचा स्पर्श खोलीइतका झाला की उघडा. फोटो लगेच पाहायचे असतील तर कार्ड आणि बॅटरी बाहेरच काढून घ्या. घाईत पिशवी उघडली तर लेन्सच्या आतल्या भिंगावर दव चढते आणि दुपारचे किनाऱ्यावर उतरणे वाया जाते. मुंबईत वातानुकूलित गाडीतून बाहेर पडल्यावर चष्म्यावर जे होते तेच हे, फक्त कॅमेऱ्याचे आतले भिंग चष्म्यासारखे पुसता येत नाही.

बॅटरी थंडीत मरत नाही, ती आखडते. लिथियम-आयन बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, आतला रोध वाढतो आणि कॅमेरा ती रिकामी समजतो. तीच बॅटरी आतल्या खिशात, छातीशी अर्धा तास ठेवली की पुन्हा बराच वेळ चालते. त्यामुळे किमान तीन बॅटऱ्या हव्यात: एक कॅमेऱ्यात, दोन अंगाशी, आलटून पालटून. शून्याखाली गेलेली बॅटरी थेट चार्जरला लावू नये. त्या तापमानात चार्जिंगने आतल्या पट्टीवर धातूरूप लिथियम साठते आणि बॅटरी कायमची कमजोर होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात, चेक-इनमध्ये चालत नाहीत. त्यांच्या टोकांवर चिकटपट्टी लावावी.

अंटार्क्टिक द्वीपकल्पावर उन्हाळ्यात तापमान बहुधा शून्याच्या थोडे अलीकडे-पलीकडे असते, त्यामुळे लोक समजतात तेवढी थंडी तिथे नसते. बोटे मात्र वाऱ्याने सुन्न होतात. आत पातळ लोकरी हातमोजे आणि वर टोक उघडता येणारे जाड मोजे हवेत. वर फक्त जाड मोजे घालून बटणे शोधणाऱ्याच्या हातून नेमका क्षण निसटतो.

एक्स्पोजरविषयी बहुतेक चौकटींत एकच ओळ असते, पण सर्वाधिक फोटो इथेच बिघडतात. कॅमेऱ्याचा मीटर समोरचे सारे मध्यम करडे असल्याचे धरतो. चौकट बर्फाने भरली की तो बर्फाला करडा करतो, मग एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवावे लागते. पण गडद समुद्रावर एकटा पांढरा अल्बाट्रॉस असेल तर उलट होते: मीटर काळे पाणी पाहून चित्र उजळ करतो आणि पंखांतली पिसे जळून कोरी पांढरी होतात. तिथे अर्धा ते पाऊण स्टॉप कमी करावे लागते. पक्षी आकाशातून पाण्यापुढे आणि पाण्यापुढून हिमखंडापुढे उडत जातो तेव्हा दर सेकंदाला भरपाई बदलणे माणसाच्या हातचे नाही. म्हणून उजेड स्थिर असेल तर मॅन्युअलवर काम करावे. स्वच्छ उन्हात आयएसओ ४००, एफ ८, १/१६०० यापासून सुरुवात करा. एक फोटो काढून हिस्टोग्राम, म्हणजे पडद्यावरचा उजेडाचा आलेख, पाहा आणि सर्वांत उजळ पांढरे उजव्या भिंतीला टेकणार नाही एवढे सरकवा. पेंग्विनची पाठ काळी आणि पोट पांढरे, तेव्हा पोटातला तपशील वाचवा. काळ्या पाठीतला तपशील रॉ फाइलमधून नंतर वर काढता येतो, जळलेले पोट कशानेही परत येत नाही. व्हाइट बॅलन्स दिवसाच्या उजेडावर, ५५०० केल्विनच्या आसपास, स्थिर ठेवा. स्वयंचलित ठेवला की कॅमेरा बर्फाचा निळा रंग दोष समजून काढून टाकतो.

तो निळा रंग खरा असतो. दाबाने हवेचे बुडबुडे निघून गेलेला जुना हिमनदीचा बर्फ लाल प्रकाश शोषतो, म्हणून आत शिरून परत येणारा प्रकाश निळा असतो. कडक उन्हात पृष्ठभागावरून परतणारा पांढरा प्रकाश त्याला झाकतो. हिमखंडांसाठी ढगाळ दिवस उत्तम असतो, आणि ढग आले म्हणून खोलीत जाऊन झोपणारे प्रवासी सगळ्यांत चांगला उजेड गमावतात. हिमखंडाच्या फार जवळ होडी नेण्याचा आग्रह वाटाड्याकडे धरू नये. वितळताना त्याचा तोल बदलतो आणि तो कोणत्याही क्षणी उलटतो.

बर्फ पडत असताना ऑटोफोकस जवळच्या कणांना पकडतो. फोकसचे मोठे क्षेत्र बंद करून एकच बिंदू निवडा, आणि लेन्सवर अंतर मर्यादित करणारे बटण असेल तर ते वापरा. १/६० शटरला हिमकणांच्या रेघा उमटतात, १/१००० ला ठिपके. दोन्हींचे चित्र वेगळे होते. बसलेल्या पेंग्विनपुढे रेघा छान दिसतात.

होडीत आणि जहाजावर वेगळी शिस्त लागते. झोडियाकमध्ये चालकाखेरीज साधारण दहा माणसे रबरी कडेवर बसतात. चालकाने सांगितल्याशिवाय कोणी उभे राहत नाही. उसळत्या पाण्यात शटर १/१००० च्या खाली येऊ देऊ नका, पाण्यातून उड्या मारत जाणाऱ्या पेंग्विनसाठी १/२५०० ठेवा. होडीत लेन्स बदलू नये, कारण खाऱ्या तुषारांचा एक थेंब सेन्सरवर पडला तर सहल संपते. १००-४००सारखी एकच झूम, किंवा दोन कॅमेरा बॉड्या. प्रवासात कॅमेरा गुंडाळून बंद होणाऱ्या ड्राय बॅगेत ठेवा. नुसते पावसाळी आवरण लाटेपुढे टिकत नाही. जहाजावर परतल्यावर गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने सगळे पुसा, मग कोरड्याने. मीठ कोरडे असताना घासले तर काचेवर चरे पडतात. जहाजाच्या कठड्यावर कोपरे टेकू नका. इंजिनाची थरथर लोखंडातून थेट लेन्समध्ये उतरते. पाय फाकवून, गुडघे सैल ठेवून आपल्याच अंगाचा स्प्रिंग करायचा. ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला दोन दिवस लागतात. त्या दिवसांत जहाजाच्या मागच्या बाजूला, खालच्या डेकवर थांबले तर साडेतीन मीटरपर्यंत पंखांचा पसारा असलेला वांडरिंग अल्बाट्रॉस डोळ्यांच्या पातळीवर येतो. त्याच्यासाठी १/२००० ठेवा.

वेळ आणि महिना ठरवताना काय पाहायचे आहे ते आधी ठरवा. नोव्हेंबरमध्ये बर्फ कोरा असतो आणि पेंग्विन घरट्यांसाठी दगड गोळा करत असतात. डिसेंबरच्या अखेरीपासून पिल्ले दिसतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये हंपबॅक देवमासे भरपूर असतात, पण वसाहती चिखलाने आणि क्रिल हे कोळंबीसारखे जीव खाणाऱ्या पक्ष्यांच्या गुलाबी विष्ठेने माखलेल्या असतात. उतराई बहुधा सकाळी आणि दुपारी ठेवली जाते, तेव्हा ऊन असल्यास उजेड सपाट आणि कडक असतो. डिसेंबरात ६५ अंश दक्षिणेला सूर्य जेमतेम दोन-तीन तास क्षितिजाखाली जातो, तोही फार खोल नाही. त्यामुळे रात्री उशिरा तास-दोन तास सोनेरी तिरका उजेड टिकतो. जेवणानंतर दोन तास झोपून त्या वेळी डेकवर येणाऱ्याला जे मिळते ते दिवसभरात मिळत नाही.

निसर्गदृश्यांत पहिली अडचण आकारमानाची. झाड नाही, घर नाही, आणि हवा इतकी स्वच्छ की वीस किलोमीटरवरचा डोंगर समोरच वाटतो. चौकटीत एक झोडियाक, एक पक्षी किंवा पेंग्विनची रांग असल्याशिवाय हिमकड्याची उंची कळत नाही. दुसरी अडचण वाइड लेन्सची. तिने डोंगर बुटके होतात. लेमेअर खिंडीत, जी सुमारे ११ किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटरच्या आसपास रुंद आहे, १०० ते २०० मि.मी.नेच कड्यांचा भार चित्रात उतरतो. प्रतिबिंबे हवी असतील तर नाळेवर पुढे उभे राहा, मागचे पाणी जहाजाने घुसळलेले असते. अनेक फोटो जोडून रुंद दृश्य करायचे तर कॅमेरा उभा धरून, एकतृतीयांश भाग एकमेकांवर येऊ देत, भराभर घ्या. जहाज सरकत असते आणि हळू घेतलेले तुकडे जुळत नाहीत.

स्वालबार्डमधल्या न्यू-ऑलसुंडला २००८पासून आपले हिमाद्री संशोधन केंद्र आहे, आणि भारतीय प्रवासी तिथे आवर्जून उतरतात. त्या गावाभोवती २० किलोमीटरपर्यंत रेडिओ-शांतता पाळली जाते, कारण तिथल्या संवेदनशील रेडिओ उपकरणांना वाय-फाय आणि ब्लूटूथचा अडथळा होतो. फोन विमान-मोडवर ठेवायचे सगळ्यांच्या लक्षात राहते. कॅमेऱ्यातले वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद करायचे मात्र राहून जाते. फोनशी जोडणारी ती सोय आधुनिक कॅमेऱ्यात अनेकदा कायम सुरू असते, ती मेनूत जाऊन बंद करावी लागते.

अंटार्क्टिकातल्या मैत्री आणि भारती या भारतीय केंद्रांवर हिवाळा काढणाऱ्या आपल्या लोकांची गोष्ट वेगळी. गोव्यातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातर्फे जाणाऱ्यांत मराठी वाचक असतातच. ध्रुवीय प्रकाशासाठी १४ ते २४ मि.मी., एफ २.८, आयएसओ १६०० ते ३२००, ३ ते १० सेकंद ही सुरुवात. लेन्स थंड होत जाते तसा फोकस सरकतो, म्हणून आधी कॅमेरा बाहेर पूर्ण थंड होऊ द्या, मग ताऱ्यावर पडदा मोठा करून फोकस लावा आणि कडे चिकटपट्टीने बांधा. पडद्याजवळ श्वास सोडू नका, त्याचे दहिवर लगेच गोठते. ट्रायपॉडच्या धातूला उघडा हात लावू नका.

निघण्यापूर्वीचे एक काम घरीच करायचे. कॅमेऱ्याची पिशवी, पट्टे, वेल्क्रो आणि ट्रायपॉडचे पाय व्हॅक्यूम क्लीनरने साफ करा. सह्याद्रीत वापरलेल्या पिशवीच्या वेल्क्रोत कुसळे आणि गवताची बीजे अडकलेली असतातच. पोआ ॲन्युआ नावाचे साधे परके गवत अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटावर माणसांबरोबरच पोहोचले. जहाजावर तपासणी होते, पण चिमट्याने कुसळ काढत बसण्यात पहिला दिवस जातो.

सरावासाठी उजनीच्या पाणलोटावर भिगवणला जावे. तिथला शेकाट्या काळा-पांढरा असतो, पेंग्विनसारखेच एक्स्पोजर मागतो. होडीजवळ घिरट्या घालणारे पांढरे कुरव गडद पाण्यावर टिपून पाहिले की अल्बाट्रॉसची अर्धी तयारी होते. तिथेही खाद्य टाकून पक्षी होडीपाशी बोलावणारा नावाडी नको. ती सवय ध्रुवावर नेण्याजोगी नाही.

देवमाशाच्या शेपटीचे फोटो घरच्या अल्बममध्ये बंद ठेवू नयेत. हंपबॅकच्या शेपटीच्या खालच्या बाजूचे नक्षीकाम प्रत्येकाचे वेगळे असते. हॅपीव्हेल या उपक्रमाकडे असे फोटो पाठवले की त्या देवमाशाची ओळख पटवता येते आणि त्याच्या प्रवासाची नोंद होते. त्यासाठी शेपटी मागून, सरळ पाहिलेली हवी, आणि तारीख, वेळ, ठिकाण अचूक हवे. म्हणून जहाजावर चढताच कॅमेऱ्याचे घड्याळ जहाजाच्या वेळेशी जुळवा आणि दुपारी एकदा जहाजाच्या पडद्यावरचे अक्षांश-रेखांश फोटोत घ्या. देवमासा तीन-चार वेळा श्वास घेतो, मग पाठ उंच कमान करतो. कमान दिसली की लगेच बर्स्ट, म्हणजे सलग फोटो, सुरू करा.

निवडीबद्दलही थोडे. १९१५ साली वेडेल समुद्रात एन्ड्युरन्स जहाज बर्फात चिरडले गेले तेव्हा त्या मोहिमेचा छायाचित्रकार फ्रँक हर्ली याने पाण्यातून काढलेल्या काचेच्या निगेटिव्हांपैकी सुमारे १२० ठेवल्या आणि ४००च्या आसपास बर्फावर फोडून टाकल्या, म्हणजे नंतर मोह होऊन परत घ्यायला जाता येऊ नये. आज कोणाला काही फोडावे लागत नाही. रोज रात्री दोन वेगळ्या डिस्कवर प्रत काढावी, कारण जहाजावरच्या इंटरनेटवर क्लाउडची भिस्त ठेवता येत नाही. निवड मात्र हर्लीइतकी कठोर असावी.

आता आपणाला विनंती. वाचकांची ध्रुवीय छायाचित्रे छापताना कृपया चार गोष्टी विचारून घ्याव्यात आणि ओळीत द्याव्यात: ठिकाण, महिना, लेन्सची लांबी आणि प्राण्यापासूनचे अंदाजे अंतर. अंड्यांवरून उठलेला, पंख उचललेला पक्षी किंवा लेन्सकडे तोंड वासून धावणारी फर सील ही छायाचित्रे थरारक दिसली तरी नाकारावीत. पेंग्विनशेजारी बसलेल्या पर्यटकाचा आणि वसाहतीवरून ड्रोनने घेतलेला फोटोही छापू नये, परवानगीचा पुरावा सोबत असल्याशिवाय. पुरवणीच्या पहिल्या पानावर जे छापले जाते तेच पुढच्या गटातले प्रवासी काढायला जातात. आणि सल्ल्याच्या चौकटीतून पोटावर झोपण्याची ओळ याच अंकापासून काढून टाकावी. नव्या हंगामातली पहिली जहाजे ऑक्टोबरअखेर-नोव्हेंबरात अर्जेंटिनातल्या उशुआयाहून निघतात.

आपले,
ध्रुवीय वन्यजीव छायाचित्रणाचे अभ्यासक वाचक
पुणे